कोणाचा पुत्र?

मुलांच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावींत, हा प्रश्न पालकांस नेहमींच पडतो. ज्यांचा शेवट गोड तींच निवडावींत, असें पुष्कळांचें मत दिसतें. लहानग्यांपुरतें तें यथार्थ असेल. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यास एवढीच शिदोरी पुरत नाहीं, असें मला वाटतें. ह्यासाठीं एकाच कादंबरीचें उदाहरण देतों.

कॉनरॅड रिक्टर ह्या अमेरिकन ग्रंथकाराची ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ ही लहानशी कादंबरी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. प्रख्यात कथाकार जी. ए. कुलकर्णी ह्यांनीं ‘रानातील प्रकाश’ ह्या नांवानें ती मराठींत आणिली. कथानकास इतिहासाचा आधार आहे. १७६४ सालीं कर्नल बूके ह्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानें ओहायोकडील आदिवासींस त्यांच्यापाशीं असलेले गोरे बंदिवान परत करावयास लाविलें. दोनशेंहून अधिक माणसें परत आलीं. त्यांतील कित्येकांस रानांतील घर सोडवेना.

कादंबरीचा नायक असाच एक पंधरा वर्षांचा मुलगा. चार वर्षांचा असतांना त्यास लेनापे लोकांनीं पळवून नेलें, आणि क्युलोगा नांवाच्या वीरानें त्यास दत्तक घेऊन ‘ट्रू सन’, म्हणजे ‘खरा पुत्र’, असें नांव ठेविलें. आतां त्यास पेन्सिल्व्हेनियांतील जन्मदात्यांकडे बळेंच आणण्यांत येतें. तेथील भिंती, जोडे, अंथरूण, सारेंच त्यास कारागृहासारखें भासतें. धाकट्या गॉर्डीवर मात्र त्याचा जीव जडतो.

गोऱ्यांनीं आदिवासींचीं निरपराध मुलें मारिलीं म्हणून तो संतापतो. आपले लोक असें कधींच करणार नाहींत, ही त्याची श्रद्धा! पुढें तो पळून रानांत परततो, आणि तेथें आपल्याच लोकांनीं मारिलेल्या एका बालकाच्या डोक्याची केसांसह सोललेली कातडी त्याच्या दृष्टीस पडते. शेवटीं, नावेंतून येणाऱ्या गोऱ्यांस फसवून तीरावर आणण्याचें काम त्याजकडे येतें. नावेंतील लहान मूल पाहून त्यास गॉर्डी आठवतो, व तो ओरडून सर्वांस सावध करितो. ह्या अपराधाबद्दल त्याचे सोबती त्यास मारावयास उठतात. क्युलोगा त्याचा प्राण वांचवितो, पण पुत्रत्वाचें नातें तोडितो. मागें घर नाहीं, पुढेंही नाहीं, अशा स्थितींत ग्रंथ संपतो.

असा शेवट मुलांस उदास करील, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु ‘आमचे तेवढे चांगले, परके तेवढे वाईट’ हा समज ह्याच वयांत मनांत घट्ट बसतो, आणि तो उपदेशानें सुटत नाहीं. ट्रू सनच्या डोळ्यांनीं पाहणाऱ्यास आपल्याच पक्षाचा अन्याय दिसतो, आणि तो बोलून दाखविण्याची किंमतही कळते. सत्कृत्यास लागलीच बक्षीस देणारें पुस्तक मुलांस सुखवील. पण एकटें पडण्याची वेळ आली तरी परक्याचें मूल वांचवावें, हें त्यांस शिकविणार नाहीं.

पालकांसही एक विनंति. ह्या कथेंतील दोन्ही पित्यांचें मुलावर प्रेम आहे. पण तो ‘आपला’च राहावा, ही अट दोघांच्याही प्रेमास आहे. घरीं एक भाषा व शाळेंत दुसरी, अशा दोन जगांत आपलीं मुलेंही वावरत असतात. तेव्हां हें पुस्तक त्यांच्याबरोबर वाचावें, आणि तें मिटल्यावर घटकाभर आपण कांहीं न बोलतां त्यांचें ऐकावें.