मुळीची परीक्षा मातीपासून

शतावरी, मुसळी, अश्वगंधा या मूलद्रव्यांची परीक्षा आपण गोणी उघडल्यावर सुरू करतो. वर्ण, गंध, रस आणि मोडल्यावर दिसणारा छेद पाहिला की खरेदी पुरी. आमच्या मते ही परीक्षा शेताच्या मातीतच सुरू व्हावयास हवी.

बहुसंख्य वनस्पतींची मुळे जमिनीत एकटी नसतात. त्यांच्याशी संलग्न असलेली बुरशी केसाहून बारीक तंतू मातीत दूरवर पसरविते. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही. मुळालगतचे संपले की मूळ उपाशी राहते. हे तंतू ते लांबून आणून देतात आणि मोबदल्यात पानांत तयार झालेली शर्करा घेतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली अशा जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी व वृद्धी म्हणून आज ज्या वनस्पती ओळखल्या जातात, त्या आमरी कुळातील आहेत. त्यांच्या धुळीएवढ्या बियांत अंकुरापुरताही अन्नसाठा नसतो. रानात योग्य बुरशी भेटली तरच त्या रुजतात. च्यवनप्राशात विदारी, वाराही ही प्रतिनिधी द्रव्ये आपण घालतो, तेव्हा हे सहसा आठवत नाही.

शिळफाट्याजवळ आम्ही शतावरीच्या दोन ओळी लावल्या होत्या. एकीला विक्रेत्याच्या सल्ल्याने रासायनिक खत आणि वारंवार बुरशीनाशकाची आळवणी. दुसरीला शेणखत आणि डोंगरउतारावरील जुन्या शतावरीखालची ओंजळभर माती. दुसऱ्या वर्षी खणल्यावर दुसऱ्या ओळीतील मुळ्या अधिक भरलेल्या निघाल्या. दोन ओळींवरून सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र भरमसाट स्फुरद दिल्यास ही जोडी दुर्बळ होते आणि काही बुरशीनाशके तिला मारक ठरतात, हे कृषिशास्त्रास ठाऊक आहे.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या ३६व्या अध्यायात औषधी घेण्यायोग्य भूमीचे वर्णन केले आहे. त्यात बुरशी शोधण्याचा अट्टहास आम्हांस मान्य नाही; पण भूमी पाहूनच औषधी घ्यावी, ही शिस्त आपण सोडली हे खरे. कर्जत-खालापुरात बंगल्यांसाठी उतार सपाट होत आहेत आणि वरची जिवंत माती डंपरमधून भरावाला जात आहे.

फार्मसीचालकांनी लागवडदारास भाव विचारण्यापूर्वी खत कोणते, बुरशीनाशक किती वेळा आणि रोपाची माती कुठली, एवढे विचारावे. नीट उत्तर देणाऱ्यास किलोमागे चार रुपये अधिक द्यावेत. आम्ही यंदापासून देत आहोत.