पाच गावं अर्ध्या दिवसात? मग ती सुट्टी कसली!

इटलीहून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, "ती रंगीत घरांची गावं बघितलीस का रे?" बघितली. चार दिवस राहिलो. लिहितोय एवढ्यासाठी, की आपल्यातले दोघं-तिघं तिकडे निघालेत आणि त्यांच्या टूरच्या कागदावर 'चिंक्वे तेर्रे – अर्धा दिवस' असं छापलंय.

चिंक्वे तेर्रे म्हणजे लिगुरियाच्या किनाऱ्यावरची पाच गावं. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. एका गावातून दुसऱ्या गावात रेल्वेने काही मिनिटांत पोचता येतं. त्यामुळे लोक पाचही गावं उरकतात. भर दुपारी मानारोलाच्या फलाटावर उभा होतो तेव्हा मला गणपतीतली कोकणची गाडी आठवली.

आम्ही मुक्कामाला कोर्निल्या निवडलं. स्टेशन खाली, गाव शंभरेक मीटर उंचावर, मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. इथे बोटही लागत नाही. बॅगा घेऊन चढताना बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही! पण संध्याकाळी दिवसाचे पाहुणे परतले आणि गाव गावासारखं झालं. आजीबाई बाकावर येऊन बसल्या. आम्ही फोकाच्चा खात समुद्राकडे बघत बसलो. दुसरं काही केलं नाही. विश्रांती म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी वरच्या द्राक्षमळ्यांतून चाललो. उभ्या डोंगरात पायऱ्या-पायऱ्यांची शेती, आणि प्रत्येक पायरी पेलणारा नुसत्या दगडांचा बांध. सिमेंट नाही, चुना नाही. आपला गडगाच म्हणा ना. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं ते नुसत्या रंगीत घरांना नव्हे, माणसाने घडवलेल्या या अख्ख्या डोंगराला. द्राक्षं वाहायला कुठे कुठे एका रुळावरची छोटी गाडी आहे. बाकी बहुतेक काम हातानेच.

पोरं शहरात गेली, बरेच मळे ओस पडले, बांध ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११ ला वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत डोंगराचा चिखल घुसला, माणसं गेली. पाऊस अफाट होता हे खरं. पण सोडून दिलेला बांध आधी घसरतो, हेही खरं. पुढच्याच वर्षी रिओमाज्जोरे-मानारोला दरम्यानच्या प्रसिद्ध 'प्रेमाच्या वाटे'वर दरड कोसळून पर्यटक जखमी झाले. ती वाट पूर्ण उघडायला २०२४ साल उजाडलं. आता तिथे वेळ ठरवून, तिकीट काढूनच जावं लागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन तासांत फोटो काढून जाणाऱ्याला विश्रांती मिळत नाही, आणि त्या बांधाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कुणी म्हणेल, राहणं महाग आहे. आहेच. आणि पाहुण्यांसाठी घरांच्या खोल्या होतात, गावकऱ्यांना घर मिळत नाही, ही तक्रारही रास्त आहे. आम्ही राहिलो ती खोलीसुद्धा एकेकाळी कुणाचं तरी घरच असणार. म्हणून मी काही साधुसंत नाही.

तरी एवढं करा. पाच सोडा, एकच गाव धरा. जमलं तर एक रात्र राहा. जुलै-ऑगस्ट टाळा. पायवाटांच्या देखभालीला पैसे जातात ते पार्कचं कार्ड घ्या. आणि घरांचे फोटो काढून झाले, की एकदा मान वर करून ते बांध बघा. गाव त्यांच्यावर उभं आहे.

पटत नसेल तर खाली लिहा. भांडू, पण चहा पीत!