सेन्सर गेला!

घरातला दिवा लागला नाही, तर शहाणा माणूस तोच बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहतो. लागला, तर बल्ब निर्दोष, दोष वायरीत. एवढी अक्कल शाळकरी पोरालाही असते. मग मोटारच्या गॅरेजात पाऊल टाकताच ती जाते कुठे?

गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला यंत्र जोडतो, त्यावर 'पी०११८' असा कोड उमटतो, आणि आकाशवाणी व्हावी तसा तो उद्गारतो, "साहेब, टेम्परेचर सेन्सर गेला!"

अहो, त्या कोडाचा अर्थ एवढाच, की इंजिनातल्या कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सर्किटात व्होल्टेज भलतंच जास्त आहे. आणि सर्किट म्हणजे सेन्सर, दोन वायरी, प्लग आणि पलीकडचा कॉम्प्युटर असं अख्खं एकत्र कुटुंब. काही बिनसलं की खापर धाकट्या सुनेच्या माथी, हा कुठला न्याय?

सेन्सर बिचारा साधा. थंड असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. कॉम्प्युटर त्याच्याकडे ५ व्होल्ट धाडतो आणि त्यातले किती शिल्लक राहिले त्यावरून तापमान ओळखतो. उंदराने वायर कुरतडली किंवा प्लगाला हिरवा गंज चढला, की ५ व्होल्ट जसेच्या तसे राहतात. कॉम्प्युटरला वाटतं, पारा उणे ४० अंशांवर गेला! बाहेर नागपूरचा मे महिना, आणि गाडीला हुडहुडी!

तपास पाच मिनिटांचा. दोन वायरींचा सेन्सर असेल, तर त्याचा प्लग काढून किल्ली फिरवावी आणि प्लगाची दोन टोकं तारेने जोडावीत. (हा प्रयोग याच सेन्सरवर. दिसेल त्या प्लगात तार खुपसू नये!) यंत्रावरचा आकडा उणे ४० वरून शंभराच्या पार उडाला, तर वायरी ठणठणीत, सेन्सर खुशाल बदला. आकडा ढिम्म हलला नाही, तर नवा सेन्सर तरी काय दिवे लावणार?

"वायर शोधायला वेळ लागतो हो!" म्हणे. लागतो ना! मग त्या वेळेची मजुरी मागा की! पण गिऱ्हाईकंही कमी नाहीत. खोक्यातल्या नव्या सेन्सरचे हजारो मुकाट्याने मोजतील, आणि तपासाचे दोनशे म्हटले की, "नुसतं बघायचे एवढे?" डोकं चालवण्याला भाव नसेल, तर डोकं चालवील कोण?

थर्मामीटर वाचता येणाऱ्या प्रत्येकाला आपण डॉक्टर म्हणत नाही. तेव्हा 'सेन्सर गेला' ऐकलं, की पाकिटात हात घालण्याआधी एवढंच विचारा: "वायर बघितलीत का?"