तोंडातली वस्तू

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. कितीही शिकवले तरी अमुक मुलगा सुधारणार नाही, हे सांगताना मोठी माणसे तिचा उपयोग करतात. शिक्षकाच्या व्यवसायात माझी बत्तीस वर्षे गेली आणि त्या काळात ही म्हण मीही अनेकदा उच्चारली आहे. आता मात्र तिच्याविषयी मला एक शंका येते. शेपूट सरळ करण्याची आवश्यकता मुळात कोणाला वाटली होती? कुत्र्याला तर खचितच नव्हे! त्याला शिकवण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकीविषयी, दूर पडलेली वस्तू तोंडात धरून आणून मागणाऱ्याच्या हाती देण्याविषयी, माझे मत मी तुम्हांला सांगणार आहे.

बालमित्रांनो, अंगणात एखाद्या पिल्लापुढे चेंडू टाकून पाहा. ते बाणासारखे धावेल, चेंडू पकडेल आणि मग तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालत तुम्हांलाच पळवील. धावणे त्याच्या रक्तात आहे. उचलणे हाही त्याचा स्वभावच, कारण हात नसलेल्या प्राण्याने जगाची ओळख तोंडाने नाही तर कशाने करून घ्यावी? शिकावे लागते ते फक्त देणे. जे माझ्या तोंडात आले ते माझे, हा कुत्र्यांच्या राज्यातील कायदा आहे. तो मोडून आपली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे ही त्या प्राण्याच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट असेल, याचा आपण क्वचितच विचार करतो.

माणसाने मात्र या गुणाचा उपयोग फार पूर्वीपासून करून घेतला आहे. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचे थंडगार बेट आहे. तेथील कोळ्यांचे कुत्रे बर्फासारख्या पाण्यात उड्या टाकत आणि गळावरून निसटलेले मासे व वाहून चाललेले दोर ओढून आणत. पुढे त्या जातीचे कुत्रे इंग्लंड-स्कॉटलंडात गेले आणि त्यांच्या वंशातून लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर ही आज सर्वांच्या परिचयाची जात निपजली. मारलेला पक्षी दाताची खूणही उमटू न देता आणावा, अशी तेथील शिकाऱ्यांची अपेक्षा असे. ज्याला हे साधते त्या कुत्र्याचे तोंड ‘मऊ’ आहे, असे ते म्हणत.

परंतु याच शिकाऱ्यांमध्ये शिकवण्याची एक कठोर रीतही रूढ झाली. कुत्र्याचा कान चिमटीत धरून पिळावयाचा. वेदनेने त्याने तोंड उघडले की वस्तू आत सारावयाची आणि त्याने ती धरली की कान सोडावयाचा. ही रीत काही ठिकाणी अजूनही चालते. अशा रीतीने शिकलेले कुत्रे वस्तू आणत नाहीत असे नाही, आणतात. तरीही ही रीत मला मान्य नाही, आणि याचे कारण माझ्याच एका अपराधात आहे.

ही 1986 सालची गोष्ट. एका खेड्यातील शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. मोत्या नावाचा एक गावठी कुत्रा माझ्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर पडून असे. एके दिवशी शाळेची तपासणी होती. मी घाईत असताना मोत्या शेपूट हलवीत आला आणि त्याने माझी एक वहाण माझ्या पायाशी आणून ठेवली. तिचा अंगठा त्याने चावून तोडला होता. मला संताप आला. ती वहाण उचलून तिनेच मी त्याला बडवले. पुढे महिन्याभराने विहिरीवर माझे पैशाचे पाकीट पडले. मी मागे वळून पाहतो तो ते मोत्याच्या तोंडात! मी हाक मारली. तो थबकला, माझ्याकडे पाहिले, दोन पावले मागे सरकला आणि उसाच्या फडात दिसेनासा झाला. पाकिटात निम्मा पगार होता. तो मला पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी मी मोत्याला कृतघ्न म्हटले. वस्तुतः मी जे शिकवले होते ते त्याने चोख पाठ केले होते. वस्तू घेऊन या माणसाजवळ गेले की मार बसतो, हाच तो धडा. वहाण चावल्याबद्दल आपल्याला मारले, हे त्याला कसे कळावे? चावणे कधीच संपले होते. मार बसला तो आणून दिल्यावर.

त्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. लिहिलेले दाखवण्यासाठी तो आपली वही घेऊन स्वतःहून माझ्याकडे येई. शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल मी त्याच्या हातावर छडी मारली. त्यानंतर त्याची वही नेहमी घरीच राहू लागली. मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा तो कायदा नव्हता. पण मी ही सबब सांगत नाही. मोत्या आणि तो मुलगा यांच्या वागण्यातील साम्य माझ्या ध्यानात यावयास पुष्कळ वर्षे लागली, एवढेच सांगतो.

असो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1951 साली एका विज्ञानविषयक मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. प्राण्याने हवी ती कृती केली की त्याच क्षणी त्याला बक्षीस मिळाले पाहिजे, हे त्यातील सूत्र. उशीर झाला तर बक्षीस नेमके कशाचे, हे त्याला उमगत नाही. पण घास हातातून तोंडात जाईपर्यंत क्षण निसटतो. म्हणून जत्रेतल्या पत्र्याच्या बेडकासारखे ‘टक्’ असे वाजणारे खेळणे वापरावे, असे त्यांनी सुचवले. ‘टक्’ म्हणजे खाऊ, हे एकदा प्राण्याला कळले की तो आवाजच शाबासकी होतो.

निवृत्तीनंतर रस्त्यावरचे एक पिल्लू आमच्या घरी आले. तिचे नाव आम्ही ठमी ठेवले. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. खाली पडलेली वस्तू उचलणे तिला जड जाते. ठमीला हे काम शिकवावे, असे माझ्या मनात आले. मी आरंभ शेवटापासून केला. आधी ‘सोड’, मग ‘धर’, आणि ‘आण’ सर्वांत शेवटी. तिच्या तोंडात चिंधी असताना मी भाकरीचा तुकडा पुढे करी. चिंधी सुटली की ‘टक्’ आणि तुकडा तिचा. आणि नंतर चिंधीही तिला परत! परत देणे हे विशेष महत्त्वाचे. दिल्याने आपले काही जात नाही, अशी तिची खात्री पटली पाहिजे. मग कापड गुंडाळलेली लाकडी दांडी आणली. तिने नुसते पाहिले तरी ‘टक्’, नाक लावले की ‘टक्’, मग दातात धरल्यावर, मग क्षणभर धरून ठेवल्यावर, मग एक पाऊल चालल्यावर. सर्वांत कठीण गेली ती किल्ली, कारण धातू तोंडात धरणे बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. शेवटी किल्लीला सुती नाडी बांधली, तेव्हा कुठे जमले. धडा पाच मिनिटांचा. तिला आणखी हवासा वाटत असतानाच मी तो थांबवीत असे. शाळेच्या तासांना हा नियम लावता आला असता तर किती बरे झाले असते! एक सूचना मात्र देऊन ठेवतो: नाणी, सुया, गोळ्या अशा गिळल्या जातील अशा वस्तूंवर हा प्रयोग कधीही करू नका, आणि वस्तू घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे धावू नका, कारण त्याला तो खेळच वाटतो.

हौसेची गोष्ट येथे संपली. पण ज्यांचे रोजचे जीवन अशा कुत्र्यावर अवलंबून असते, त्यांचे काय? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सांता रोझा या गावी 1975 साली एक संस्था निघाली. चालू न शकणाऱ्या, हातांत बळ नसलेल्या माणसांसाठी ती कुत्रे तयार करते. पडलेली पेन्सिल उचलणे, टेलिफोन आणून देणे, दाराला बांधलेला पट्टा ओढून दार उघडणे, दिव्याचे बटण दाबणे ही त्यांची कामे. अशी पिल्ले आधी सुमारे दीड वर्ष कुटुंबांतून वाढतात आणि नंतर काही महिने शिक्षकांकडे शिकतात.

आता कान पिळण्याची रीत या कामाला लावून पाहा. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, बोटे वळत नसलेल्या माणसाने कुत्र्याचा कान कसा पिळावा? ज्याच्यापाशी शिक्षा करण्याचे सामर्थ्यच नाही, त्याची आज्ञा भयाने शिकलेला कुत्रा का मानील? त्या माणसाच्या मांडीवर कुत्रा किल्ली आणून ठेवतो ती केवळ आणून देणे त्याला आवडते म्हणून. बलवानाला भीतीची रीत परवडते, दुर्बळाला ती परवडत नाही, असे माझे मत आहे.

आवडीने शिकलेला कुत्रा किती दूर जाऊ शकतो, याचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथे जॉन पिली नावाचे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत होते. त्यांनी चेसर या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला तीन वर्षांत 1022 खेळण्यांची नावे शिकवली. त्यांत 800 हून अधिक कापडी प्राणी आणि 116 चेंडू होते. नाव घेतले की ती नेमके तेच खेळणे शोधून आणी. हा शोधनिबंध 2011 साली प्रसिद्ध झाला. बक्षीस म्हणून तिला खाऊऐवजी खेळ आणि कौतुक मिळे. निवृत्त शिक्षकाला असा विद्यार्थी लाभावा, याचा मला थोडा मत्सर वाटतो, हे कबूल करतो.

आमच्या ठमीचा शब्दसंग्रह सातांवरच थांबला आहे: किल्ली, काठी, पिशवी, टॉवेल, चेंडू, चिंधी आणि वहाण. त्यांतील वहाण मी तिला शेवटी शिकवली. पहिल्यांदा तिने ती माझ्या पायाशी आणून ठेवली, तेव्हा अंगठ्याजवळ तिचे दात थोडेसे उमटलेले होते. मी ती वहाण उचलली, ‘टक्’ वाजवले आणि ठमीला भाकरीचा तुकडा दिला.