दोन मिनिटांच्या फेरीचे अर्थकारण

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. क्लॅरेसा शील्ड्स तिचे नाव. अमेरिकेच्या पुरुष मुष्टियोद्ध्यांना त्या वेळी एकही पदक मिळाले नाही. देशाची अब्रू राखली ती या पोरीने. महिला मुष्टियोद्ध्यांना ऑलिम्पिकचे दार मुळात उघडले तेच त्या वर्षी, आणि तेही अवघ्या तीन वजनी गटांपुरते. पुरुषांना दहा गट होते. त्याच तिनांपैकी एका गटात आपल्या मेरी कोमने कांस्यपदक मिळवले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

क्लॅरेसा मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातली. जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर जगणारे हे शहर. बहुतेक कारखाने बंद झाले आणि मागे राहिली ती कृष्णवर्णीयांची बेकार वस्ती. २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी सरकारने पाण्याचा स्रोत बदलला आणि याच शहराच्या नळांतून शिसे मिसळलेले पाणी आले. क्लॅरेसाचा बाप स्वतः मुष्टियोद्धा. तिच्या लहानपणीची सात वर्षे तो तुरुंगात होता. अकराव्या वर्षी तिने खेळायचा हट्ट धरला तेव्हा हा पुरुषांचा खेळ आहे, असे त्यानेच सुनावले. पुढे परवानगीही त्यानेच दिली, ही गोष्ट वेगळी.

सुवर्णपदक घेऊन ती घरी परतली आणि आमच्या मते खरी कथा येथे सुरू होते. पदकाचे बक्षीस म्हणून २५ हजार डॉलर मिळाले. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मात्र आल्या नाहीत. लोकांना मारायला आवडते असे उघड बोलत जाऊ नकोस, असा सल्ला क्रीडा संघटनेच्या माणसांकडून मिळाला. म्हणजे मुष्टियोद्धीने ठोसा मारावा, पण तोंडाने गोड बोलावे! प्रतिस्पर्ध्याला संपवतो अशी गर्जना पुरुषाने केली की त्याच गर्जनेवर तिकिटे खपतात. २०१६ मध्ये रिओत तिने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. सलग दोन ऑलिम्पिकची सुवर्णपदके तिच्याआधी अमेरिकेच्या एकाही मुष्टियोद्ध्याला जमली नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती व्यावसायिक झाली. हौशी खेळाडूला पदक मिळते, व्यावसायिकाला मजुरी. परंतु ही मजुरी ठरवतो कोण? दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, लढतींचे आयोजक आणि विजेतेपदाचे पट्टे वाटणाऱ्या संघटना. पुरुषांची विजेतेपदाची लढत तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, म्हणजे ३६ मिनिटांची. महिलांची दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांची, म्हणजे २० मिनिटांची. मग सांगितले जाते की महिलांच्या लढती छोट्या असतात, त्यांत कोणी चीत होत नाही, प्रेक्षकाला मजा येत नाही, म्हणून पैसा कमी. तिसरे मिनिट काढून घेतले कोणी? दमलेला प्रतिस्पर्धी कोसळतो तो बहुधा त्याच मिनिटात. आधी वेळ कापायची आणि नंतर कापलेल्या वेळेच्या नावाने मजुरी कापायची, ही युक्ती कष्टकऱ्याला नवी नाही.

तीन मिनिटांना विरोध करताना जागतिक मुष्टियुद्ध परिषद महिलांच्या आरोग्याचा दाखला देते. मेंदूच्या इजेचा प्रश्न खोटा नाही, पण तो पुरुषांच्या मेंदूलाही आहे. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम डुक-कूचा लढतीनंतर मृत्यू झाला, तेव्हा याच परिषदेने पुरुषांच्या पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. फेऱ्या घटल्या म्हणून पुरुषांचे मानधन घटवा, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. इकडे टोकियो ऑलिम्पिकपासून हौशी महिला तीन मिनिटांच्याच फेऱ्या खेळत आहेत. लढत तीनच फेऱ्यांची असते हे मान्य. पण मग वाद फेऱ्यांच्या संख्येचा करा, मिनिटाचा कशाला?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्तो रिकोच्या अमांडा सेरानोने ऑरलँडोत पुरुषांप्रमाणे तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या लढून दाखवल्या. परिषदेने त्या लढतीला मान्यता दिली नाही. डिसेंबरमध्ये सेरानोने परिषदेचा पट्टा सोडून दिला. पट्टा परत करणे ही साधी गोष्ट नाही. त्याच्यावरच पुढच्या लढतीचे पैसे ठरतात.

दार अजिबात हललेले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेरानो आणि आयर्लंडची केटी टेलर यांची लढत मुख्य ठरली. दोघींनाही दहा लाख डॉलरांच्या वर मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला सर्व लढती महिलांच्याच असलेला कार्यक्रम झाला आणि क्लॅरेसाने सव्हाना मार्शलला हरवले. हौशी कारकिर्दीतला तिचा एकमेव पराभव याच मार्शलने केला होता.

क्लॅरेसा कोणाची वाट पाहत बसली नाही. मार्च २०२१ मध्ये तिने फ्लिंटमध्येच लढत घेतली, ती प्रेक्षकांना थेट पैसे भरून पाहायला लावली आणि दुसऱ्या वजनी गटातले सर्व पट्टे जिंकले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने त्याच शहरात डॅनियल पर्किन्सला हरवून हेवीवेट गटाचे निर्विवाद विजेतेपद मिळवले, म्हणजे तिसरा गटही तिचा झाला. त्या लढतीच्या दहाही फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्याच होत्या.