आधी फिर्याद, मग कौल

मोरजीच्या टेंबवाड्यावर कासव अंडी घालून गेले, की वनखात्याची माणसे त्या जागी खुंट ठोकून जाळे लावतात, अंडी मोजतात, तारीख लिहून ठेवतात आणि पिल्ले समुद्रात उतरेपर्यंत पहारा देतात. आम्हां गावकऱ्यांना याचा अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. पण याच गोमंतकात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी घरातून नाहीशी झाली, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्याची पायरी चढणारी घरे किती? पहिली धाव देवळाकडे, पाकळीच्या कौलाकडे. दुसरा विचार, ‘लोक कितें म्हणटले?’, आणि तिसऱ्या दिवशी साऱ्या वाड्याचा निकाल तयार: ‘पळून गेली!’

या दोन शब्दांनी केवढा अनर्थ केला आहे, हे शिरोड्यास विचारा. श्री कामाक्षीचे ते गाव, देवळांनी गजबजलेला तो अंत्रुज महाल. तेथील तरवळ्याचा रिक्षाचालक महानंद नाईक एप्रिल २००९ मध्ये पकडला गेला, तेव्हा १९९४ पासूनच्या सोळा स्त्रियांच्या हत्यांचे आरोप त्याच्यावर आले. गरीब घरच्या, लग्न लांबलेल्या या मुली लग्नाच्या आमिषाने, अंगावर दागिने घालून, घरी न सांगता बाहेर पडल्या आणि ओढणीच्या फासात संपल्या. पंधरा वर्षे हे चालले कसे? काही घरांनी अब्रूच्या भयाने तोंड उघडले नाही, काहींनी नोंदवलेल्या तक्रारी दप्तरात पडून राहिल्या, आणि बेवारस सापडलेल्या प्रेतांशी त्या तक्रारींचा मेळ कोणी घातला नाही. पुढे काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली. अनेकांत तो पुराव्याअभावी सुटला. त्या मुलींच्या मृत्यूचा गुन्हेगार कायद्याच्या लेखी आजही ठरलेला नाही. पुरावा कोठे गेला? तो ‘पळून गेली’ या शब्दांखाली वर्षानुवर्षे कुजत पडला.

हा दोष एकट्या गोमंतकाचा नव्हे. दिल्लीजवळच्या निठारीत मुले आणि किशोरवयीन मुली एकेक करून नाहीशा होत असताना गरीब आईबापांना ‘पळून गेली असतील’ असेच ऐकवले गेले. डिसेंबर २००६ मध्ये गटारातून सांगाडे निघाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या खटल्यातही आरोपीस निर्दोष ठरवले. ती मुले कोणी मारली, याचे उत्तर आज कोणापाशीही नाही. आरंभीचे दिवस गमावले, की न्यायासनही हतबल होते.

कोणी म्हणेल, काही मुली खरोखरच आपण होऊन जातात. जात असतील. म्हणून शोध थांबवावा काय? अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानीत नाही. तिला नेणारा अपराधीच ठरतो. ती आपण होऊन गेली असेल, तर धोका कमी होत नाही, वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट बजावले आहे, की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण वा मुलांचा व्यापार गृहीत धरावा. चोवीस तास थांबा, असे कोणताही कायदा सांगत नाही. कोणत्याही ठाण्यावर फिर्याद देता येते. १०९८ क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो.

आणि थांबायला वेळ तरी कोठे आहे? चोपड्याहून पूल ओलांडला की शिवोली, पेडण्यात कोकण रेल्वेचे स्थानक, २०२३ पासून मोपाचा विमानतळ. देवीच्या अंगावरील उजवी पाकळी पडण्याची वाट आपण पाहत बसू, तोवर मूल राज्याची सीमा ओलांडून गेलेले असेल.

यात श्रद्धेचा अधिक्षेप नाही. गाऱ्हाणे अवश्य घालावे. पण आधी फिर्याद, मग कौल. देवस्थानांच्या महाजनांनी आणि मानकऱ्यांनी एवढे तरी मनावर घ्यावे, की कौल मागायला आलेल्या बापास प्रथम विचारावे, ‘ठाण्यावर जाऊन आलास?’ नसेल, तर समितीतल्या दोघांनी त्याच्याबरोबर जावे. मोठ्या माणसांची सोबत असली, की गरिबाची फिर्याद ठाण्यावर टाळता येत नाही. मुलीचे छायाचित्र सभामंडपात लावावे. आणि ती परत आली, तर तिच्या घराचा मान, पालखीतील जागा, ओटीचा हक्क यांत तसूभरही उणे पडणार नाही, असे उत्सवाच्या सभेत जाहीर करावे. घरचे लोक गप्प बसतात ते याच भयाने. आणि हे भय घालणारे आपणच आहोत.

कासवाच्या अंड्याची गणती आपण ठेवतो. आपल्या लेकीची गणती ठेवायला लाज कसली?