शिकारीची मर्यादा

बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाभोंवतालच्या रानांत भल्या पहांटे गेलें असतां कधीं कधीं रानकोंबड्याची बांग कानीं पडते. गांवांतल्या कोंबड्याची बांग लांब व सलग असते. ही तुटक असते, आणि ऐकणाऱ्याची चाहूल लागतांच बंद होते. या पांखरानें मनुष्याला इतकें भ्यावें असें मनुष्यानें त्याचें काय केलें आहे, हा प्रश्न त्या शांततेंत सहज मनांत येतो. त्याविषयींच दोन शब्द वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिकार ही सर्वथा निंद्य, असें म्हणून विषय संपविणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. आपल्या देशांतील पक्ष्यांचा ज्यांनीं अभ्यास केला, त्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं आधीं बंदूकच होती. काँग्रेसच्या स्थापनेमुळें ज्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं मार्शल यांच्या सहकार्यानें शिकारीच्या पांखरांवर तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळांत प्रसिद्ध केला. डॉ. सलीम अली यांनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ही कोणती जात, हें विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि त्या एका चिमणीनें हिंदुस्थानास थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळवून दिला.

समंजस शिकाऱ्याचें म्हणणें काय असतें, तें पाहूं. तित्तिराच्या एका जोडप्यानें एका विणीस सात पिलें काढलीं असें धरा. आईबाप मिळून नऊ पांखरें झालीं. आतां रानांतील तित्तिरांची संख्या वर्षानुवर्षें तीच राहते असें दिसलें, तर त्याचा अर्थ इतकाच कीं, पुढील विणीपर्यंत या नवांपैकीं दोनच उरतात. बाकीचीं सात साप, मुंगूस, ससाणा, रोग व उपासमार यांच्या वांट्यास जातात. त्या सातांपैकीं एखाददुसरें शिकाऱ्यानें घेतलें, तर रानाची हानि होत नाहीं. व्याज खावें, मुद्दल राखावें, हा व्यवहाराचा साधा नियम होय. म्हणूनच दर बंदुकीमागें दिवसाला अमुकच पांखरें, आणि विणीच्या हंगामांत एकहि नाहीं, असा निर्बंध पुष्कळ देशांनीं घातला. अमेरिकेंत एके काळीं प्रवासी पारव्यांचे थवे आकाश झांकून टाकीत. ते बेसुमार मारले गेले, आणि १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत त्या जातीचें शेवटचें पांखरूं मेलें. तेथील लोक त्यापासून कांहीं शिकले. १९१८ सालीं त्यांनीं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठीं कायदा केला. १९३४ सालापासून बदकांच्या शिकाऱ्यास दरवर्षीं एक तिकीट विकत घ्यावें लागतें, व त्या पैशांतून पाणथळ जागा राखल्या जातात. पांखरांची गणती आधीं, आणि मर्यादा मागाहून, असा तेथील क्रम आहे.

हा विचार केवळ परदेशचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. सम्राट अशोकानें आपल्या पहिल्या शिलालेखांत राजाच्या पाकशाळेंतील हत्या कमी करून दोन मोर व एक हरीण इतक्यावर आणल्याचें सांगितलें आहे, आणि पुढें तीहि थांबविण्याचा संकल्प केला आहे. शिकारीच्या सहली सोडून आपण धर्मयात्रा आरंभिल्या, असें तो आठव्या लेखांत सांगतो; आणि त्याच आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं आपल्या शेजारच्या सोपाऱ्यास सांपडला! बायबलमधील अनुवादाच्या ग्रंथांतहि अशीच आज्ञा आहे: वाटेंत घरटें आढळलें तर पिलें घेतलीं तरी चालतील, परंतु त्यांवर बसलेल्या आईस सोडून द्यावें. आई हें मुद्दल, हें त्या प्राचीन स्मृतिकारानें ओळखिलें होतें.

मग आपल्याकडे मर्यादेनें पांखरें कां राखलीं गेलीं नाहींत? कायदे नव्हते असें नाहीं. १८८७ सालीं व पुन्हां १९१२ सालीं पांखरांच्या रक्षणाचे कायदे झाले. १९५१ सालीं मुंबई राज्यानें स्वतःचा कायदा करून शिकारीस परवाना आवश्यक केला. परंतु भरतपूरच्या सरोवरावर १९३८ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांच्यासाठीं झालेल्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पांखरें पाडलीं गेलीं, आणि ती संख्या अभिमानानें दगडावर कोरली गेली! जेथें मोठ्यांनींच मर्यादा सोडली, तेथें लहानांनीं ती कां पाळावी? शिवाय मर्यादा बंदुकीला असते, बंदुकांच्या संख्येला नसते. दहा शिकाऱ्यांनीं पांच पांच पांखरें मारलीं तर पन्नास. तोच नियम पाळून हजारांनीं मारलीं तर पांच हजार. रानांत मुळांत पांखरें किती, हें कोणीं मोजलेंच नाहीं, तर पांच हा आंकडा कशावरून ठरवावा? अखेर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ सालच्या दुरुस्तीनें हौशीची शिकार परवान्यासह बंद झाली.

ही बंदी योग्यच आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तथापि शिकाऱ्यांचा एक आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाहीं. ते म्हणतात कीं, बंदीनें आमचा हात थांबला. पण त्याबरोबर रानाची काळजी वाहणारा एक वर्गहि नाहींसा झाला. पांखरें उरलीं नाहींत तर शिकारहि उरणार नाहीं, या धाकानें तरी शिकारी रान राखीत असे. आतां तें कोण राखणार?

आमच्या तीन गांवांकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न झोंबतो. उल्हासनगर हें नांव १९४९ सालचें. युद्धकाळच्या लष्करी छावणींत निर्वासित सिंधी बांधवांनीं कष्टानें शहर उभें केलें. अंबरनाथास कारखाने आले. बदलापूरची वस्ती २००१ सालीं सुमारें ९८ हजार होती, ती २०११ सालीं १ लक्ष ७४ हजारांवर गेली. माणसांस घरें हवींत, याविषयीं वाद नाहीं. परंतु शिकाऱ्याच्या पिशवींत दहा पांखरें जात. एक माळ सपाट केला कीं तेथील लाव्ह्यांची सगळी वीणच जाते, आणि ती कोणाच्याहि हिशेबांत धरली जात नाहीं. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचें पाणी आपण काय करून ठेविलें आहे, तें नाकाला रुमाल लावणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. अशा पाण्यावर पाणलाव्यानें उतरावें तरी कां?

कोणी म्हणेल, रानांतील ठाकर-कातकरी फांसे लावतात, त्यांस आधीं आवरा. फांशास विणीचा हंगाम कळत नाहीं व मादी ओळखूं येत नाहीं. म्हणून त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण पोटासाठीं फांसा लावणाऱ्यापेक्षां, घरीं सर्व कांहीं असून केवळ जिभेच्या हौसेसाठीं रानचें पांखरूं मागणारा अधिक दोषी आहे. गिऱ्हाईक नसेल तर बाजार कसला? आणि दुसऱ्यांस दोष देतांना आम्हींहि आपले हात पाहावेत. गलोलीनें होला पाडून मित्रांत मिरविणारे आमच्यांतहि होते. त्या होल्याच्या घरट्यांत पिलें होतीं कीं नव्हतीं, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्याची मर्यादा ठरवावयाची तें आधीं मोजावें. दर हिंवाळ्यांत एका ठरलेल्या सकाळीं, शिक्षकांसह, ठरलेल्या वाटांनीं विद्यार्थ्यांनीं जावें; रानकोंबडा, चकोत्री, तित्तिर, लाव्हा यांपैकीं किती दिसले, किती ऐकूं आले, तें वहींत टिपावें, आणि तो तक्ता या वार्षिकांत छापावा. दहा वर्षांनीं तो तक्ता एखाद्या नगरसेवकापुढें किंवा वनाधिकाऱ्यापुढें ठेवतां येईल, व कोणता माळ राखावा हें पुराव्यानिशीं सांगतां येईल. शिकाऱ्याची बंदूक गेली तें बरें झालें. पण पांखरांवरची त्याची नजर जावयास नको होती. ती आतां आपण घ्यावी.